कपाटाच्या दाराची आतली बाजू

सुजाताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर उभी राहून आभाळाकडे बघत होते. घट बसायला आठ दिवस होते. नवरात्राआधी घरातलं चिंधूकसुद्धा धुवून निघालं पाहिजे ही आमच्याकडची रीत, त्यामुळं वाकळा, चादरी, पडदे सगळं गुरुवारी काढायचं असं माझं आणि अक्कांचं ठरलं होतं. पाऊस उघडीप देईल की नाही याचा मी अंदाज घेत होते. सुजाता म्हणजे अक्कांची मुलगी, जयसिंगपूरला दिलेली. अक्का चार दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या होत्या. तिनं "बाई" म्हटलं आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. तो सांगायला लागला. सकाळी अंघोळ करून अक्का मंदिरात निघाल्या होत्या, चप्पल घालायला पायरीवर बसल्या, त्या बसल्याच... खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. गुरुवारचं ठरलेलं असताना ही बाई अशी कशी जाऊ शकते, असा अगदी वेडा राग. दिलेली वेळ अक्कांनी कधी चुकवली नाही, चुकवायची ती मी. खाली आले, हाताला येतील त्या चादरी बादलीत कोंबल्या आणि त्या बादलीशेजारी बसून मग रडले.

आता पाच आठवडे झाले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्याकडं म्हणच आहे, तेव्हा अक्कांच्या चांगुलपणाचे हंडे भरायला मी बसलेले नाही. त्या हट्टी होत्या, फटकळ होत्या, आणि दुसऱ्याच्या घरातला पसारा बघताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की चांगल्या चांगल्या गृहिणींना घाम फुटायचा. पण तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात एक गोष्ट घडली. तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोलले, आणि ते खोटं शेवटपर्यंत दुरुस्त केलं नाही. ते सांगायचं म्हणून लिहायला घेतलंय, बाकीचं ओघानं येईल.

अक्कांचं नाव सुनंदा. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातल्या. तिकडं कानडीचा शेजार, त्यामुळं आईला अव्वा म्हणतात आणि थोरल्या बहिणीला अक्का. सहा भावंडांत या थोरल्या, म्हणून मग त्या साऱ्या जगाच्याच अक्का झाल्या. कसबा बावड्याच्या कडेला आमची गल्ली वसली तेव्हा मागच्या भिंतीला टेकून ऊस उभा असायचा. पहिली चार घरं झाली, त्यातलं एक आमचं आणि एक त्यांचं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणून त्या मला बाई म्हणायच्या, आणि वयानं मी फार लहान नसूनही त्यांना अक्का म्हणायचे. त्यांचे मालक लवकर गेले. पुढं सुजाताचं लग्न झालं आणि दोन खोल्या आणि पुढचा सोपा एवढ्या घरात त्या एकट्या राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी मंदिरात परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं. म्हणजे आपल्याजवळ काय आणि किती ठेवायचं याची मर्यादा आपणच घालून घ्यायची आणि ती मरेपर्यंत पाळायची. नऊ साड्या, दोन पांघरुणं, चार ताटं, एक कपाट. दहावी साडी आली की आधीच्या नऊंतली एक जायची, आणि जायची ती धडधाकट असतानाच. विटकी साडी कुणाला द्यायची नाही, तिची फडकी करायची. मी त्यांना चिडवायचे की अक्का, तुमच्याकडं चोर आला तर कीव येऊन काहीतरी ठेवून जाईल. त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या की ठेवलं तर त्याच्या मागं पळत जाऊन परत द्यावं लागंल, नियम हाय.

त्यांची साफसफाई हा बघत बसण्याचा विषय होता. फिनेल, ती रंगीबेरंगी वासाची पाणी, ॲसिड, झुरळांचा फवारा, यांतलं काही त्यांच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, सकाळी उकळून कुस्करायचे आणि गाळलेल्या त्या पाण्यानं कपडे, फरशी, भांडी सगळं. तांब्यापितळेला चिंच, बेसिनला खायचा सोडा आणि पिळून झालेली लिंबाची फोड, धान्यात आणि पुस्तकांत कडुलिंबाचा वाळलेला पाला. काम झालं की बादलीतलं पाणी मोरीत न ओतता परसातल्या केळीला. पर्यावरण वगैरे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. गटार पंचगंगेला जाती आणि पंचगंगेत मासं हायत, एवढाच त्यांचा भूगोल, आणि तो पक्का होता. कुणाचंही कपाट उघडण्याआधी त्या दारावर बोटांनी तीनदा टकटक करायच्या आणि जरा थांबायच्या. आत पाल, झुरळ, कोळी जे कोण असेल त्याला सरकायला सवड मिळावी म्हणून. "पावणं, जरा बाजूला व्हा," असं म्हणायच्यासुद्धा. एकदा आमच्या महिला मंडळात फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून सफाईचं द्रावण करायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. आम्ही सगळ्या माना डोलावत होतो. अक्कांनी बाटलीतला फेस पाहिला आणि ह्यात जीव वळवळत्यात म्हणून उठून गेल्या. मी मात्र हौसेनं केलं, झाकण गच्च लावलं, आणि बाटली फुटून संत्र्याच्या साली स्वयंपाकघराच्या छताला जाऊन चिकटल्या. त्या काढायला स्टुलावर चढल्या त्याही अक्काच. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

माझं घर म्हणजे त्यांच्या घराच्या बरोब्बर उलट. असू दे, लागेल कधीतरी, हा आमच्या घरचा मूलमंत्र. आइस्क्रीमचे रिकामे डबे, सुतळीचे गुंडे, लग्नात आलेले न उघडलेले लेमन सेट, पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे, कुणाच्या तरी मुंजीतल्या पिशव्यांत ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी बारशाच्या पिशव्या. त्यात ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा हात माझ्याहून सढळ. ते फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बनवायचे, लोखंड ओतायचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडाचा नमुना. कामावरून येताना खिशात चार खिळे आणि काखेत एक फळी नाही असा दिवस गेला नसेल. मागच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हातानं सागवानी कपाट केलं होतं. त्यात पॉलिश, थिनर, उरलेले रंग, सरस, ॲसिडची बाटली, उंदराचं औषध असा त्यांचा सगळा संसार होता. आणि दाराची आतली बाजू ही त्यांची वही. शाळेतून माझ्या पर्समध्ये खडूचे तुकडे यायचे, ते हे काढून घ्यायचे आणि तिथं काय काय लिहून ठेवायचे. हे गेले आणि मी त्या कपाटाला कुलूप लावून टाकलं. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात. त्यात आहे ते सगळं जागच्या जागी आहे, एवढ्या विचारावर मी वर्षभर तग धरून होते.

मग मनवाचं झालं. मनवा माझी नात, मुलाची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. मुलगा-सून पुण्याला असतात. ते दिवाळीला आले, पोरीला मागच्या खोलीत झोपवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिची छाती अशी वाजायला लागली की ऐकवेना. दोन दिवस कसेबसे काढले, पंप दिले, आणि भाऊबीजेच्या आधीच ते पुण्याला परत गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ आणि उग्र वास, दोन्ही टाळा. मुलानं फोनवर अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं की आई, आता तिला तिकडं आणत नाही, तूच इकडं येत जा. भांडला असता तर मी चार शब्द सुनावले असते. पण तो भांडलाच नाही, आणि ते समजुतीनं बोलणं माझ्या काळजात रुतून बसलं. माझ्या घरात माझी नात राहू शकत नाही. मी मग हट्टाला पेटले. सकाळ-संध्याकाळ फिनेल ओतायला लागले, कोपऱ्या-कोपऱ्यात वासाच्या डब्या टांगल्या, आणि चकचकीत फरशीचे फोटो मुलाला पाठवले. त्यानं अंगठा पाठवला. येतो म्हणाला नाही.

अक्का एक दिवस दुपारी लिंबं द्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बाई, घर धुतलंय का घराला औषध पाजलंय?" मी तिथंच रडायला लागले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सांत्वन वगैरे त्यांना जमत नसे. म्हणाल्या, मेच्या सुट्टीत पोरगी हितं झोपंल, पर मी सांगीन तसं करायचं, आणि मधी बोलायचं न्हाय. मधे न बोलणं मला कितपत जमणार हे दोघींनाही ठाऊक होतं, तरी मी हो म्हटलं.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने रोज दुपारी जेवण झालं की त्या यायच्या आणि दिवस मावळायच्या आत निघून जायच्या, कारण सूर्यास्तानंतर त्या जेवत नसत. केरसुणी पहिल्याच दिवशी बाहेर गेली. कोरडं झाडायचं नाही, धूळ उठते. ओलं फडकं पिळून पुसायचं. फिनेल बंद, वासाच्या डब्या बंद, मच्छरांच्या अगरबत्त्या बंद. गाद्या उन्हात. दिवसाला एकच फळी, जास्त नाही. त्यांची एक पद्धत तर मी जन्मात विसरणार नाही. टाकायचं हा शब्दच त्यांच्याजवळ नव्हता. एखादी वस्तू हातात घेऊन विचारायच्या, कुणाकडं जातीय, नाव सांगा. नुसतं 'कुणाला तरी देऊ' चालायचं नाही. नाव सुचलं की त्याच दिवशी ती वस्तू मी स्वतः पोचवायची. त्यामुळं ते तीन महिने निवृत्त शिक्षिका बाई लेमन सेट आणि सुतळीचे गुंडे घेऊन गल्लीत दारोदार हिंडत होत्या. लोकांना वाटलं, हे गेल्यापासून बाईंचं काहीतरी बिनसलंय. पण गंमत अशी की ज्याच्याकडं जायचं त्याचं नाव घेतलं की वस्तू हातातून सुटायची. अडगळ सुटत नाही ती अशानं, की तिला पुढचा पत्ता नसतो. हे वाक्य माझं आहे. अक्का असली वाक्यं बोलत नसत.

शेवटी ते कपाट राहिलं. खोलीत शिरलं की थिनरचा वास अजूनही नाकात जायचा, तोही बंद दारातून. पोरीचं अंथरूण तिथंच पडायचं होतं. मीच देव्हाऱ्यातून किल्ली आणून अक्कांच्या हातात दिली आणि म्हटलं, तुम्ही उघडा, माझ्यानं होणार नाही. त्यांनी टकटक केली, थांबल्या, उघडलं. दोघींनी मिळून डबे बाहेर काढले. त्यातला एक थेंबही गटारीत जाणार नव्हता. रंग आणि थिनर मागच्या गल्लीतल्या पेंटरला, ॲसिड नळकाम करणाऱ्याला, हत्यारं ह्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका सुताराला, असं अक्कांनी आठ दिवस आधीच ठरवून ठेवलेलं. मी डबे सोप्यात नेऊन ठेवत होते. पेंटर आला, त्याच्याशी बोलण्यात पाच-दहा मिनिटं गेली असतील. परत आत आले तर कपाटाचं डावं दार सताड उघडं होतं. त्याची आतली बाजू ओली होती आणि कोरी होती.

काय केलंत, असं मी विचारलं असावं. अक्का फडकं पिळत म्हणाल्या, "खडू हुता, बाई. पुसला. पोरगी हितंच झोपणार, तिच्या छातीत पूड जायला नको."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला आज कळतं. ज्या पोरीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्याच काळजीनं त्यांनी ते पुसलं. उलट जन्मभर खडू खाल्लेल्या बाईला खडूची पूड सुचू नये, हीच लाज. पण तेव्हा मला काही दिसत नव्हतं. ह्यांचं अक्षर घरात तेवढंच उरलं होतं. मी वाट्टेल ते बोलले. त्यातलं एक वाक्य लिहायलाही जड जातंय, पण लिहिते. मी म्हटलं, "तुमच्या घरात जपण्यासारखं काही नाही, म्हणून दुसऱ्याचं पुसताना तुमचा हात थरथरत नाही."

त्या बाईच्या घरात नवऱ्याचा एक फोटोही नव्हता. आपल्या नेमात तोही बसवला नव्हता त्यांनी. हे मला माहीत होतं, आणि मी नेमकं तिथंच मारलं.

अक्कांनी पिळलेलं फडकं बादलीच्या काठावर टाकलं. मग कपाटाच्या तळाशी पडलेला खडूचा एक तुकडा त्यांनी उचलला, आणि मला म्हणाल्या, "काय लिव्हलं हुतं, सांगा. मी जसंच्या तसं परत लिव्हतो."

आणि मला आठवेना. ते दार मी शेकडो वेळा उघडं बघितलं होतं. पांढरी अक्षरं, खाली ओढलेल्या रेघा, कुठंतरी एक चौकोन... एवढं डोळ्यांसमोर होतं, शब्द एक नव्हता. काहीतरी गॅसचं, काहीतरी स्क्रूंची मापं. एक ओळसुद्धा खात्रीनं सांगता येईना. वर्षभर मी ज्याला कुलूप लावून बसले होते ते मी कधी वाचलंच नव्हतं. अक्का खडू हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत होत्या. तेव्हा खरं बोलायचं सोडून मी म्हटलं, "ते तुम्हाला सांगण्यासारखं नव्हतं."

त्यांनी खडू हळूच फळीवर ठेवला. नवराबायकोतलं काहीतरी आपण पुसलं, अशी त्यांची समजूत झाली, आणि मी ती होऊ दिली. काम अर्धवट टाकून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी राहिलेल्या फळ्या सोड्याच्या पाण्यानं पुसल्या, वास जावा म्हणून दारं उघडी टाकली, बादली आमच्या परसातल्या केळीला ओतली, आणि दिवस मावळायच्या आत निघून गेल्या. त्यानंतर दोन महिने त्या आल्या नाहीत. मीही गेले नाही.

मेमध्ये मनवा आली. मुलगा एकच रात्र राहू म्हणून आला होता, पिशवीत दोन पंप आणि वाफ घ्यायचं यंत्र. मागच्या खोलीत उन्हात तापवलेली गादी, रिठ्याच्या पाण्यात धुतलेली चादर, उघडी खिडकी, बाकी काही नाही. पोरगी सकाळी आठपर्यंत गाढ झोपली. उठली ती तडक परसात जाऊन केळीभोवती पळायला लागली. मुलगा दारात उभा राहून तिच्या श्वासाकडं कान लावून ऐकत होता, आणि मी त्याच्याकडं बघत होते. तो म्हणाला, आई, राहू दे तिला पंधरा दिवस. मी तशीच उठले, चप्पलही न घालता अक्कांच्या दारात गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. वाटेत मनाशी सगळं जुळवलं होतं, माझं चुकलं, मला काही आठवत नव्हतं, मी खोटं बोलले... त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "पोरीचा दम कसा हाय?" मी म्हटलं, वाजत नाही. त्या म्हणाल्या, बसा, च्या टाकतो. आणि मी बसले. चहा पिऊन परत आले. झालं ते एवढंच.

पुढची तीन वर्षं आमचं जाणं-येणं पूर्वीसारखंच राहिलं. रिठे एकत्र आणायचे, वाकळा एकत्र धुवायच्या. मनवा सुट्टी लागली की येते, आता नऊ वर्षांची आहे, अक्कांच्या हातचं धपाटं आणि माझी बोलणी दोन्ही खायची. मी ते एक वाक्य मात्र बोलले नाही. ते बोलायला लागतं तरी काय? पण माझ्या नवऱ्यानं काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, हे कबूल करायचं म्हणजे आमच्या इतक्या वर्षांच्या संसाराची लाज वेशीवर टांगल्यासारखं वाटायचं. एकदा, वर्षभरानं असेल, आम्ही चादरीची दोन टोकं धरून पिळत होतो. अक्का मधेच म्हणाल्या की तुमच्या मालकांचं अक्षर चांगलं हुतं. एवढं म्हणून त्या थांबल्या. चादर आमच्या दोघींच्या मधे ताणलेली, पाणी ठिबकतंय, आणि त्या वाट बघतायत. मी हो म्हटलं, आणि चादरीचं टोक सोडून चिमटे आणायला गेले. चिमटे माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होते.

दिवस होऊन गेले, आणि परवा सुजातानं मला अक्कांचं घर आवरायला बोलावलं. मी कंबर कसून गेले, आणि दीड तासात काम संपलं. नऊ साड्या होत्या, प्रत्येकीच्या पदराला कागदाची चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर नाव. चार ताटांवर नावं, रिठ्याच्या बरणीवर नाव, पाणी गाळायच्या फडक्यांवरसुद्धा नाव. सगळं त्यांच्या त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेक काना जपून दिलेल्या अक्षरात. कुणाला काय द्यायचं याचा विचार आम्हाला करावाच लागला नाही. मी मनातल्या मनात माझं नाव शोधत होते. ते कुठंच नव्हतं. माझ्यावरचा राग त्यांनी तेवढा ठेवला असेल तर तो त्यांचा हक्कच, असं मी स्वतःला समजावत होते, आणि तरीही मनाला लागलं.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक शाळेची जुनी वही निघाली. सुजाता ती उलटसुलट करून म्हणाली की हिच्यावरच तेवढं नाव न्हाय, हिचं काय करायचं? मी वही हातात घेतली. प्रत्येक पानावर वर एक घर लिहिलेलं आणि खाली ओळी. कोपऱ्यावरच्या पाटलीणबाईंचं कपाट: कुकरची रिंग मोठी आणणे. दूधवाल्याचा नवीन नंबर. म्हशीला इंजेक्शन, मंगळवार. नर्सबाईंचं फडताळ: धाकट्याची उंची, दारावर रेघ, कडीच्या खाली चार बोटं. शिंप्याच्या घरचं: आई गेली, सकाळी सहाला. मला काही कळेना, तेव्हा सुजातानंच सांगितलं.

"गेली तीन वर्षं अव्वा कुणाच्याबी घरात पुसायला गेली की आधी दार उघडून आत काय लिव्हलंय ते त्यांच्याकडनं वाचून घ्यायची, हितं उतरून काढायची, मगच ओलं फडकं लावायची. मी म्हटलं, अव्वा, दूधवाल्याचा नंबर कशाला लिव्हतीस? तर म्हणायची, कुणाचं काय असतंय, आपल्याला काय ठावं."

मी वही सुरुवातीपासून उघडली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, बाईंचं कपाट, मागच्या खोलीतलं. त्याच्याखाली एकच ओळ, आधी विचारलं न्हाई. बाकीचं पान रिकामं होतं. सांगितल्यावर लिहिता यावं एवढी जागा त्यांनी सोडून ठेवली होती, सबंध पान, तीन वर्षं.

सुजाता म्हणाली, हे एवढंच पान अव्वानं कोरं का सोडलंय कोण जाणे. मी तिच्याकडं पेन मागितलं आणि त्या रिकाम्या खोलीत, अक्का तांदूळ निवडायला बसायच्या तिथं जमिनीवर बसले. येत्या शनिवारी मनवा येतेय, यंदा भाऊबीज करूनच जाणार आहे. गादी उन्हात टाकलीय, फरशी ओल्या फडक्यानं पुसून झालीय, हे सगळं आधी लिहावं असं वाटत होतं, कारण तेवढं सोपं होतं. ते नाही लिहिलं. शाळेत फळ्यावर काढायचे तसं ठळक, गोल अक्षर काढून त्यांच्या ओळीखाली लिहिलं: अक्का, मलाच आठवत नव्हतं. बहुतेक गॅसची तारीख असावी.